रविवारी दिग्विजय काय खातो?

श्याम घैसास यांनी नोकरीची सगळी वर्षं पुण्याच्या वेशीवर ट्रक अडवण्यात घालवली. जकात नाक्यावर निरीक्षक होते. शहरात येणाऱ्या मालात वर काय दाखवलंय आणि खाली काय दडवलंय हे हुडकून काढायचं, हेच काम. असं काम करणाऱ्या माणसाच्या स्वभावाचं पुढे जे व्हायचं ते त्यांचंही झालं. निवृत्त होऊन कोथरूडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर येऊन बसले, पण नाका काही डोक्यातून उठला नाही. दूधवाला म्हणाला, "काका, आज दूध एकदम चांगलं आहे," की ह्यांचा प्रश्न तयार, "म्हणजे काल नव्हतं?" शेजाऱ्यांनी दिवाळीचा फराळ आणून दिला, तर डब्याचं झाकण उघडायच्या आधी हे बायकोला विचारणार, "ह्यांचं आपल्याकडे काय काम निघालं असेल?" विजयमालाबाई म्हणायच्या, "दिवाळी निघालीय." ते त्यांना पटायचं नाही. दिवाळी दरवर्षी येते, चकल्या दरवर्षी येत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता, आणि मुद्दा म्हणून तो बरोबरच होता.

माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगायला लागतं, कारण त्यांच्याशी थोडा वेळ बोललेल्या कुणालाही ते आपोआप कळत नसे.

एकुलता एक मुलगा दिग्विजय. कॉम्प्युटर शिकला, आणि हिंजवडीत आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या नेमक्या त्याच सुमाराला सिंगापूरला निघून गेला. जाताना दोन वर्षांसाठी जातो म्हणाला होता. दोनाची सहा झाली.

श्यामरावांना मुलगा परत हवा होता. उतारवयात दुसरं काही मागावंसं वाटत नव्हतं. पण "अरे, ये आता, तुझ्यावाचून करमत नाही" हे वाक्य घैसासांच्या घरात आजवर कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं, आणि म्हणायचं तर सुरुवात कुठून करायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ते वाद घालायचे. तिथे पगार चांगला आहे म्हणाला, तर ह्यांनी हिंजवडीतल्या पगारांची माहिती काढून त्याला ऐकवली. तिथले रस्ते स्वच्छ आहेत म्हणाला, तर "रस्त्यावर पानं मांडायची आहेत का?" म्हणून विचारलं. बस वेळेवर येते म्हणाला, तेव्हा मात्र ते जरा गप्प बसले, कारण पुण्यातल्या बसची बाजू घेणं अस्सल पुणेकरालाही जड जातं.

दिग्विजयचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. श्यामरावांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज दुपारी काय जेवलास?" आणि उत्तरही ठरलेलं, "डिमसम, बाबा. ऑफिसच्या मित्रांबरोबर." मग तो काय काय खाल्लं त्याची नावं सांगायचा, आणि श्यामराव हूं हूं करत ऐकायचे. गेल्या दिवाळीत त्यांनी त्याला फोनवर कोंडीत पकडलं.

"एक गोष्ट सांग," ते म्हणाले, "जी तिथे आहे आणि पुण्यात नाही."

"थांबा हं," दिग्विजय म्हणाला. मग हसून म्हणाला, "रविवारचं डिमसम. पुण्यात कुठे मिळणार ते? आणि मिळालं तरी आपल्याला परवडणार आहे का?"

दुसऱ्या एखाद्या बापाने हे हसण्यावारी नेलं असतं. "पुण्यात मिळत नाही" असं कुणा मुंबईकराने म्हटलं असतं, तर श्यामरावांनीही त्याची कीव करून सोडून दिलं असतं. पण घरच्या पोराने म्हटल्यावर ते तपासून घेणं भाग होतं. डिसेंबरात दिग्विजय आठवडाभरासाठी यायचा होता. तोवर पुण्यात चांगलं आणि खिशाला झेपणारं डिमसम शोधायचं, त्याच्यापुढे ठेवायचं, म्हणजे त्याच्याजवळचं शेवटचं कारण संपलं. कारण संपलं की माणूस परत येतो. गणित त्यांना इतकं सोपं वाटलं की हे आधी कसं सुचलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

"तो खाण्यासाठी तिथे राहिलाय असं वाटतंय का तुम्हाला?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"मग कशासाठी राहिलाय? तुला माहीत असेल तर सांग."

विजयमालाबाई मटार सोलत राहिल्या. हिला काहीतरी माहीत आहे, असा संशय श्यामरावांना त्या दिवशी आला, आणि तो त्यांनी नीट जपून ठेवला.

डिमसम म्हणजे नक्की काय, हे त्यांनी सोसायटीखालच्या सायबर कॅफेत जाऊन पाहून घेतलं. पिठाच्या पातळ पारीत सारण भरून वाफवलेले लहान लहान पदार्थ. दुपारी चारचौघांनी बसून चहाबरोबर खायचे. म्हणजे आत काय भरलंय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. श्यामरावांचं मन तिथेच कलुषित झालं. आणि लोक हे पैसे देऊन, न उघडता, सबंध तोंडात टाकतात हे वाचल्यावर तर सिंगापूरच्या जकात खात्याविषयीही त्यांना शंका आली.

सुरुवात त्यांनी घराजवळून केली. कोपऱ्यावर ड्रॅगनचं चित्र काढलेली चायनीजची गाडी लागायची. मालक कचरू, बीडकडून आलेला.

"डिमसम आहे का?"

"मोमो हायेत, काका."

"मोमो आणि डिमसम एकच का?"

कचरूने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "तुमाला डिमसम पायजे तर डिमसम. मोमो पायजे तर मोमो."

गिऱ्हाईक बघून ज्याच्या मालाचं नाव बदलतं, अशा माणसाचा ट्रक श्यामरावांनी नाक्यावर सबंध रिकामा करायला लावला असता. इथे त्यांनी फक्त एक मोमो मोडून पाहिला. कोबी निघाला. कोबीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं, पण कोबी त्यांना घरीही मिळत होता. पैसे देऊन ते निघाले.

मग एका नव्या मॉलच्या वरच्या मजल्यावर गेले. तिथे प्लेट समोर आली ती वाफेचे लोट सोडत, पण पहिला घास आतून गारढोण लागला. बाहेर कढत आणि आत थंड याचा अर्थ कोणी त्यांना शिकवायला नको होता. असे गोठवलेले खोके त्यांनी ट्रकांतून पुष्कळ उतरवून घेतले होते. काउंटरवरच्या पोरीला त्यांनी एवढंच विचारलं, "हे कधी केलेलं आहे?" ती म्हणाली, "आत्ताच, सर." "बरं," श्यामराव म्हणाले, "आणि मेलं कधी?" पोरीला काही कळलं नाही, ते एका परीने बरंच झालं.

शेवटी मन घट्ट करून ते कोरेगाव पार्कातल्या एका मोठ्या हॉटेलात गेले. आत एवढा अंधार होता की मेनूकार्ड वाचायला त्यांनी ते दिव्याखाली नेलं. अंधारात चांगला माल विकत नाहीत, हा त्यांचा जुना अनुभव. दर पाहिल्यावर अंधार कशासाठी ते कळलं. तीन नगांच्या किमतीत विजयमालाबाईंनी मंडईतून आठवड्याची भाजी आणली असती आणि वर रिक्षाने घरी आल्या असत्या. श्यामरावांनी वेटरला विचारून घेतलं की समोरचं पाणी साधं आहे की बाटलीतलं, साधं आहे म्हटल्यावर ते पूर्ण प्याले, आणि उठले.

उठता उठता शेजारच्या टेबलावर त्यांची नजर गेली. वेटरने तिथे एकावर एक तीन टोपल्या आणून ठेवल्या होत्या. बांबूच्या, गोल, बसक्या, वर विणलेलं झाकण. श्यामराव तिथेच थबकले. ह्या टोपल्या आपण कधीतरी अडवल्या आहेत.

घरी येईपर्यंत सगळं आठवलं. निवृत्तीच्या थोडं आधी मुंबईहून एक टेम्पो आला होता. त्यात एक लाकडी खोका, कागदावर लिहिलेलं "घरगुती सामान", आणि खोका फोडला तर आत ह्याच टोपल्या, एकात एक बसवलेल्या. नाक्यावर कुणालाच सांगता येईना की हे कशासाठी असतं. ड्युटीवरचा जोडीदार संपत म्हणाला, सापाच्या असतील. श्यामरावांनी एकूण एक झाकण उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. काही निघालं असतं तर ते पावती फाडून मोकळे झाले असते. काहीच निघेना तेव्हा त्यांचा संशय जास्तच बळावला, आणि मालकाला त्यांनी दुपारभर उन्हात बसवून ठेवलं. सोसायटीतल्या माणसांची नावं त्यांना आठवत नसत, पण अडवलेल्या मालाच्या मालकांची विसरत नसत. अकबर तांबोळी, राहणार कॅम्प.

दुसऱ्या दिवशी ते बस बदलून कॅम्पात गेले. विचारत विचारत ताबूत स्ट्रीटच्या मागच्या बोळात पोहोचले. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागच्या खोलीतून वाफ येत होती. गल्ल्यावर एक बाई फडक्याने बशा पुसत होत्या. ह्या रझियाबाई, अकबर तांबोळींच्या पत्नी.

"शाकाहारी मिळेल?" श्यामरावांनी विचारलं.

"मिळेल."

"वेगळं शिजवता का?"

"वेगळी टोपली, वेगळी शेगडी, वेगळा ओटा."

"मला बघता येईल?"

रझियाबाईंनी फडकं खाली ठेवलं. "कुठल्या खात्याचे तुम्ही?"

"खात्याचा नाही. जेवायला आलोय."

"जेवायला येणारा माणूस जेवण मागतो," रझियाबाई म्हणाल्या. "शेगडी नाही मागत."

आपल्याइतकाच संशयी माणूस समोर उभा आहे, हे श्यामरावांच्या बऱ्याच वर्षांत अनुभवाला आलेलं नव्हतं. ते गडबडले. तेवढ्यात आतून एक उंच, पिकल्या दाढीचे गृहस्थ हात पुसत आले आणि श्यामरावांकडे पाहतच राहिले.

"रझिया, हे जकातीचे साहेब," अकबर तांबोळी म्हणाले. "टोपल्यांचे."

"दुपारभर ज्यांनी उन्हात बसवलं, ते?"

"तेच."

श्यामरावांच्या कानशिलांना चटका बसला. खरं तर त्यांना माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते असं, "कागदावर नीट लिहिलेलं नव्हतं."

"नीट लिहिलेलं नव्हतं, हे खरं आहे," अकबर म्हणाले आणि हसायला लागले. "बसा, साहेब. आता टोपल्या भरलेल्या आहेत. बघा उघडून."

रझियाबाई हसल्या नाहीत. श्यामराव बसल्यावरही त्या तिथूनच त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या.

अकबर तरुणपणी बोटीवर खानसामा होते, मग हाँगकाँगमधल्या एका खाणावळीच्या भटारखान्यात बरीच वर्षं काढली, आणि परत येताना त्या टोपल्या घेऊन आले, हे श्यामरावांना पहिली टोपली येईपर्यंत कळलं. टोपली आली. झाकण काढलं. वाफ निवळल्यावर आत चार नग दिसले, आणि त्यांची पारी इतकी पातळ, इतकी नितळ होती की आतला पालक आणि मक्याचे दाणे बाहेरूनच दिसत होते. श्यामराव त्यांच्याकडे बघत राहिले. असा माल नाक्यावर आला असता, तर त्यांनी उभ्या उभ्या सोडला असता. तरी सवयीने एक मोडून पाहिला. मग खाल्ला. मग उरलेले तीन न मोडता खाल्ले.

चांगलं होतं. फार चांगलं होतं. ह्याचा त्यांना जरा रागच आला, कारण खोट काढायला कुठे जागा उरली नव्हती. दर कोथरूडच्या साध्या थाळीइतकाच, म्हणजे तिथेही काही बोलता येईना. शेवटी एक पांढरा, फुगलेला, वाफवलेला पाव आला. आत लाल चवळीचं गोड पुरण, आणि खाली बुडाला चौकोनी कागद चिकटलेला. श्यामरावांना जरा धीर आला.

"हा कागद कशाला?"

"टोपलीला चिकटू नये म्हणून," रझियाबाई म्हणाल्या. "सोलून खायचा."

"कुणी कागदासकट खात असेल."

"पहिल्या वेळी खातात. दुसऱ्या वेळी कुणी खात नाही."

त्यानंतर श्यामराव तिथे जातच राहिले. दिग्विजयपुढे एकदम नेऊन बसवायचं तर आपल्याला सगळं आलं पाहिजे, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं होतं. एकदा विजयमालाबाईंनाही घेऊन गेले. त्या रझियाबाईंशी अशा गप्पा मारायला लागल्या की श्यामरावांना दोघींचा संशय आला. अकबरनी त्यांना शिकवलं की चहा आधी दुसऱ्याच्या कपात ओतायचा, आणि आपल्या कपात कुणी ओतला तर बोलणं न थांबवता दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची, म्हणजे आभार मानल्यासारखं होतं. हे श्यामरावांना फारच पसंत पडलं. आभार मानायचे आणि तोंड उघडायचं नाही, ही सोय पुण्यात आजवर कुणालाच कशी सुचली नाही, असं ते म्हणाले. रझियाबाई मात्र ते आले की न बोलता स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवायच्या.

डिसेंबरात दिग्विजय आला. वाळला होता. सिंगापूरला राहून माणूस वाळतो कसा, ही पहिली शंका. रात्री श्यामराव पाणी प्यायला उठले तर मायलेक स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते, आणि ते दिसताच दोघंही उद्याच्या भाजीबद्दल बोलायला लागले, ही दुसरी. रविवारी दुपारी डिमसमला जायचं ठरलं तेव्हा विजयमालाबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघंच जा," ही तिसरी. पण श्यामराव खुशीत होते. वकील शेवटचा साक्षीदार घेऊन कोर्टात जातो तसे ते पोराला घेऊन कॅम्पात गेले.

"पुण्यात मिळत नाही ना?" बोळात शिरताना ते म्हणाले.

दिग्विजय फिकं हसला. "बघू या."

अकबरनी त्या दिवशी जीव ओतून केलं होतं. टोपल्यांवर टोपल्या आल्या. श्यामरावांनी पोराच्या कपात चहा ओतला आणि वाट पाहिली. दिग्विजय म्हणाला, "थँक यू, बाबा." सिंगापुरात बोटं आपटत नसतील, श्यामराव मनात म्हणाले. दिग्विजयने काटा उचलून नितळ पारीत खुपसला. पारी फाटली, आतला रस बशीत सांडला, आणि तो तुकडे गोळा करत बसला. सहा वर्षं दर रविवारी खाणाऱ्याच्या हाताला हे वळण नसावं, हे श्यामरावांना खटकलं. मग तो आत काय आहे ते वाकून पाहायला लागला. एका नगाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ह्यात वाटाणा आहे का?"

श्यामरावांचा चेहरा आपोआप नाक्यावरचा झाला. ते काही बोलले नाहीत. नाक्यावर आधी बोलायचं नसतं. पाव आला. दिग्विजयने उचलला आणि मोठा घास घेतला. चावत राहिला. चावतच राहिला. गल्ल्यावरून रझियाबाई ते बघत होत्या. त्यांनी श्यामरावांकडे एकदा पाहिलं आणि त्या उठून आत निघून गेल्या.

"कागद," श्यामराव म्हणाले.

"काय?"

"कागद खातोयस तू."

दिग्विजयने तोंडातून ओला कागद काढला आणि बशीच्या कडेला ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"दिग्विजय, तू डिमसम किती वेळा खाल्लं आहेस?"

दिग्विजयने ओला कागद बोटाने बशीच्या काठाशी सरकवला. श्यामरावांनी घाई केली नाही.

"एकदा," तो म्हणाला. "ऑफिसच्या पार्टीत. मला फारसं आवडलं नव्हतं."

"आणि दर रविवारी?"

"दर रविवारी खोलीवर असतो. कुकर लावतो. वरण-भात खातो आणि झोपतो. उठलो की तुम्हाला फोन करतो." तो बशीकडे बघत बोलत होता. "ऑफिसचे लोक जातात डिमसमला. काय काय खाल्लं ते सोमवारी सांगतात. तेच मी पुढच्या रविवारी तुम्हाला सांगायचो."

"कशाला पण?"

"तुम्ही विचारायचात ना, काय जेवलास. वरण-भात म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, वरण-भात खायला सिंगापूरला कशाला जावं लागतं."

श्यामरावांनी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. ते हेच म्हणाले असते. शब्द न शब्द हेच.

पण माल तर सापडला होता. पोराला तिथे काही सुख नाही, मित्र नाहीत, डिमसमसुद्धा नाही. एका क्षणासाठी श्यामरावांना केस जिंकल्यासारखं वाटलं. ते पुढे झुकून म्हणाले, "मग परत का येत नाहीस? आता कारण काय उरलं?"

"तुम्ही," दिग्विजय म्हणाला.

तो रागाने बोलला असता तर श्यामरावांना उत्तर सुचलं असतं. तो अगदी साधेपणाने बोलला.

"मला बारावीला मार्क कमी पडले ते तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता. कॉलेजात जुनी स्कूटर घेतली आणि ती बंद पडली, तर तुम्ही कितीतरी वर्षं त्या स्कूटरची चौकशी करत होता. सिंगापूरला निघालो तेव्हा विमानतळावर म्हणालात, बघू किती दिवस टिकतोस. बाबा, मी पहिल्याच वर्षी परत येणार होतो. तिकिटाची चौकशी केली होती. पण परत आलो असतो, तर टिकला नाही, हे मला रोज उठून ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, वरण-भात बरा."

"आईला माहीत आहे हे?"

"आहे."

म्हणजे तो संशयही खराच होता. इतकी वर्षं संशय खरा ठरला की श्यामरावांना बरं वाटायचं. आज काही बरं वाटलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं. परक्या गावात पोरगा रविवारच्या रविवार एकटा भात खात बसला, आणि तेही नोकरीसाठी किंवा पैशासाठी नव्हे, बापाच्या जिभेला भिऊन. आपण इकडे सगळं शहर पालथं घालून त्याचं कारण शोधत होतो. त्यांना समोरच्या टोपल्या नीट दिसेनात. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

आता इथे कुणीही बाप म्हणाला असता, ये बाळा, मी काही बोलणार नाही. श्यामरावांच्याही ओठांवर ते आलं. पण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे खोटे कागद पकडले होते, आणि हा कागद खोटा आहे हे त्यांना लिहायच्या आधीच कळलं.

"मी बोलणार नाही असं सांगितलं असतं," ते म्हणाले, "पण ते खरं होणार नाही. मी बोलणार. मला राहवायचं नाही. तू आलास की मी नक्की काहीतरी बोलणार." त्यांनी किटलीचं झाकण नीट बसवलं. मग किटलीकडे बघत ते म्हणाले, "तरी तू ये. मला तू घरी हवा आहेस."

दिग्विजयने मान वर केली. असलं वाक्य त्याने बापाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी तो बापाचाच मुलगा होता.

"किती बोलाल?" त्याने विचारलं.

"ते आत्ता कसं सांगू?"

तेव्हा दिग्विजय हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. श्यामराव खिडकीतून बोळाकडे बघत राहिले.

होळीच्या आधी दिग्विजय कायमचा परत आला. हिंजवडीत नोकरी लागली होती. विमानतळावर श्यामराव काही बोलले नाहीत. टॅक्सीत बोलले नाहीत. घरी येऊन सामान लागलं, पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आता विजयमालाबाईच नवऱ्याकडे संशयाने बघायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं चहाला बसले असताना श्यामरावांनी कप खाली ठेवला.

"शेवटी आलासच ना परत," ते म्हणाले. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

विजयमालाबाईंचा चहा गाळणारा हात तसाच थांबला. दिग्विजयने तोंडातली खारी शांतपणे संपवली.

"झालं बोलून?"

"झालं," श्यामराव म्हणाले. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

"उद्यापासून चहाच्या आधी बोलत जा," दिग्विजय म्हणाला. "मधेच बोललात की चहा गार होतो." आणि त्याने आपला कप आईपुढे सरकवला.